माश्या बोलवायचं औषध

संक्रांत झाली की आमच्या दुकानात टरबूजवाल्यांची वर्दळ वाढते. जळगाव जिल्ह्यातला चोपडा तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला केळी आणि कापूसच आठवतो. पण कापूस उपटून रिकाम्या झालेल्या ठिबकच्या रानात मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरून टरबूज-खरबूज लावणारे आता तापीकाठी गावोगाव आहेत. सत्तरेक दिवसांचं पीक, आणि रमजानमध्ये माल निघाला तर व्यापारी बांधावर येऊन उभा राहतो. मागच्या हंगामात असाच एक तरुण काउंटरवर आला आणि मोबाइलमधला फोटो पुढे केला. फळ एका बाजूनं फुगलेलं, देठाकडे आक्रसलेलं. "भो, टानिक दे काहीतरी."

टॉनिकचा प्रश्नच नव्हता. टरबुजात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फूल एकाच सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात नर फुलातला पराग तिथे पुन्हा पुन्हा पोचला पाहिजे, आणि पोचवणार मधमाशी. फेऱ्या कमी पडल्या की एका बाजूचं बी भरतं, दुसरीकडचं पोचट राहतं, आणि बी नाही तिकडचा गर वाढत नाही. एवढं ऐकून तो म्हणाला, "मंग माश्या बलावानं औषध दे ना."

तेही मिळतं. मधमाश्यांना आकर्षित करणारं म्हणून बाटलीत भरून येतं, लेबलवर हसरी माशी असते. ते ज्या फळीवर ठेवलंय त्याच्या खालच्याच फळीवर थ्रिप्स म्हणजे फुलकिडे आणि पांढरी माशी या किडींची औषधं आहेत, ज्यांच्या माहितीपत्रकात मधमाश्यांना विषारी असल्याचं छापलेलं असतं. वरची बाटली आणि खालची बाटली एकाच घराण्यातली असली तरी आता मला आश्चर्य वाटत नाही. त्या पोराला मी गुळाचं पाणी सांगितलं. ते आमच्याकडे बरेच जण मारतात, निदान खर्च घरातला. आणि फुलोऱ्यात काय फवारलं होतंस, कोणत्या वेळी, ते विचारलं. उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: रसशोषक किडीसाठी फवारा, सकाळी आठला.

आमचं कृषी सेवा केंद्र अप्पांनी सुरू केलं, आता मी बघतो. काउंटरच्या या बाजूला बसून दिवसभर जे कानावर पडतं त्याचं सार एका वाक्यात सांगता येईल: कंपन्यांवर कुणाचा विश्वास उरलेला नाही. "रोगबी त्याच सोडतस, औषधबी त्याच इकतस." "माश्या त्यायनीच माऱ्यात." "आपण जे खातो ते सगळं विष." म्हणणारा हे म्हणतो आणि त्याच दमात दोन लिटरची बाटली उधारीवर घेऊन जातो. लोक अडाणी म्हणून असं होतं, असं समजू नका. त्या अविश्वासात तथ्य किती आणि वारा किती, हे विकणाऱ्याच्या जागेवरून मला जसं दिसतं तसं लिहितो.

तथ्यापासून सुरुवात करू. इमिडाक्लोप्रिड हे नाव आमच्याकडे आठवीतल्या पोरालाही पाठ असतं. १९९१ मध्ये हे औषध बाजारात आलं, बायर कंपनीचं. पुढे त्याच गटातली थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन आली. ही आंतरप्रवाही औषधं. बियाण्याला लावा, मुळाशी ओता, पानावर मारा, झाडाच्या रसातून सगळीकडे फिरतात. म्हणून मावा-तुडतुड्यावर इतकी चालतात, आणि म्हणूनच थोड्या प्रमाणात फुलातल्या मधात आणि परागातही उतरतात. बीटी कापसाचं, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाचं, पाकीट फोडल्यावर सरकीला जो रंग दिसतो, टोबताना बोटांना लागतो, त्या रंगासोबत बहुतेक वेळा हेच औषध लावलेलं असतं. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यापासून खानदेशातल्या बायकांची बोटं दर जूनमध्ये त्या रंगानं माखतात.

फ्रान्समधल्या मधपाळांनी सूर्यफुलाच्या शेतातून माश्या परत येत नाहीत अशी ओरड केली आणि १९९९ मध्ये तिथे सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड लावणं थांबवलं गेलं. २००८ मध्ये जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात, मका पेरताना बियाण्यावरच्या क्लोथियानिडिनची धूळ हवेत उडाली आणि मधमाश्यांच्या ११ हजारांहून जास्त वसाहतींना फटका बसला. युरोपीय संघानं २०१३ मध्ये या तिन्ही औषधांवर माश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकांपुरते निर्बंध आणले, २०१८ मध्ये उघड्या शेतात ती वापरायला पूर्ण बंदी केली. बायर त्याविरुद्ध युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि मे २०२१ मध्ये हरली. आपल्याकडे ही औषधं चालू आहेत, माझ्या दुकानात आहेत. युरोपनं स्वतःच्या शेतात बंद केल्यावरही तिथल्या कारखान्यांतून ती बाहेरच्या देशांना जात राहिली. हे कळल्यावर आमच्या गावातल्या एका आबांनी विचारलं होतं की तिकडच्या माशीत आणि आपल्या माशीत फरक काय. मला उत्तर देता आलं नाही.

आता अभ्यासांचं. औषधाची नोंदणी करताना ते किती विषारी, कुणाला विषारी, याच्या चाचण्या कंपनी स्वतः करते किंवा पैसे देऊन करून घेते आणि सरकारला देते. आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी समिती ती कागदपत्रं तपासते. जगभर साधारण असंच चालतं. २०१६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनं अमेरिकेतल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली बायर आणि सिंजेंटा या औषध कंपन्यांचे न छापलेले अभ्यास मिळवले. जास्त मात्रेत माश्यांच्या वसाहतींचं नुकसान होतं, हे कंपन्यांच्याच कागदांत होतं. कंपन्या म्हणाल्या, एवढी मात्रा शेतात नसते आणि आम्ही काही लपवलेलं नाही. मग छापलं का नाही, एवढंच लोक विचारत होते. त्याच्या पुढच्याच वर्षी ब्रिटन, जर्मनी आणि हंगेरीतल्या शेतांवरचा मोठा अभ्यास 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. त्याला बराचसा पैसा याच दोन कंपन्यांनी दिला होता. निकाल आला तो असा: ब्रिटन आणि हंगेरीत माश्यांना त्रास, जर्मनीत नाही. पैसे देणाऱ्या कंपन्यांनीच मग त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला.

हा अभ्यास मला आवडतो, कारण तो कुणाच्याच सोयीचा नाही. जिथे बांधावर रानफुलं होती, माश्या निरोगी होत्या, तिथे त्या तगल्या असाव्यात, असा त्याचा एक अर्थ काढला गेला. म्हणजे औषध निर्दोष ठरत नाही आणि एकटं औषध गुन्हेगारही ठरत नाही. माश्यांच्या अंगावर जगणारा व्हरोआ नावाचा कोळी, बांधावरची झाडं तोडणं, एकच एक पीक, ही कारणंही खरी. कंपनीच्या पुस्तिकेत कोळ्याला चार पानं असतात आणि औषधाला चार ओळी. विरोधकांच्या पोस्टमध्ये कोळी नसतोच.

तरी लोकांना संशय येतो तो असल्या बारकाव्यांमुळे नाही. अमेरिकेत २००६ च्या सुमारास मधमाश्यांच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या होऊ लागल्या. २०११ मध्ये बियाणं आणि तणनाशकं विकणाऱ्या मोन्सँटोनं बीओलॉजिक्स नावाची माश्यांच्या आजारांवर काम करणारी कंपनीच विकत घेतली. २०१२ मध्ये, युरोपात बंदीची चर्चा तापलेली असताना, बायरनं जर्मनीत 'बी केअर सेंटर', म्हणजे मधमाश्यांच्या काळजीचं केंद्र, उघडलं. २०१८ मध्ये बायरनं मोन्सँटो घेतली. कुणाच्या मनात काय होतं ते शोधायला जाऊ नका, नुसत्या तारखा एकाखाली एक लिहून बघा. ज्याच्यावर आरोप आहे त्यानंच दवाखानाही उघडला, असं शेतकऱ्याला वाटलं तर चूक काय?

मात्र याच संशयाच्या गाडीत बसून बराच कचराही गावात आला आहे. आइन्स्टाइन म्हणाला होता की माश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, हा मेसेज आमच्या केळी उत्पादकांच्या ग्रुपवर दर वीस मेला, जागतिक मधमाशी दिनी, हजर असतो. आइन्स्टाइन असं बोलल्याचा कुठेही पुरावा नाही. आणि गंमत अशी की ज्या ग्रुपवर हे फिरतं त्यांच्या केळीला माशी लागतच नाही, आपली खायची केळी बिनबियाची, परागाशिवाय धरते. ज्वारी, बाजरी, गहू यांचा पराग वारा नेतो किंवा फूल आपलं आपण उरकतं. माश्या गेल्या तर भाकरी उरेल. कांद्याचं बी, टरबूज, खरबूज, काकडी, गिलकं, दोडकं, डाळिंब, लिंबू यांची वाट लागेल. ते पुरेसं भयंकर आहे, त्याला आइन्स्टाइनची सही कशाला हवी?

आता आमच्या शिवारात या. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. शेतकऱ्यानं तो बघून औषध किती जहाल ते ओळखावं अशी अपेक्षा. हिरवा म्हणजे निर्धास्त, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. पण तो रंग ठरतो उंदरासारख्या प्राण्यावरच्या चाचणीवरून, म्हणजे माणसाला धोका किती याच्या अंदाजावरून. माशीचा त्या रंगाशी संबंध नाही. हिरव्या त्रिकोणाची बाटली माशीला जहाल असू शकते. हे मला कळलं ते दुकानदारांसाठीच्या देसी डिप्लोमात. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलेला हा एक वर्षाचा कोर्स, ज्या दुकानदारांकडे शेतीची पदवी नाही त्यांच्यासाठी. त्यात माशीवर फार काही नव्हतं, पण शिकवायला आलेले एक निवृत्त प्राध्यापक विषय सोडून तासभर त्यावरच बोलले. बाकीचा वर्ग चहाची वाट बघत होता.

माशीबद्दलची सूचना असते ती माहितीपत्रकात. ती घडी उलगडली की टेबलभर होते, अनेक भाषांत, आणि मराठीचा तुकडा भिंगाशिवाय वाचता येत नाही. त्यात लिहिलेलं असतं की माश्या फुलांवर असताना फवारू नये. सल्ला बरोबर आहे. टरबुजाचं फूल सकाळी उघडं असतं, माशी सकाळी येते, तेव्हा फवारा चारनंतर मारावा. कागदावर इतकं सोपं आहे.

पण फवारणारा माणूस येतो केव्हा? आमच्याकडे मजुराची पाळी सकाळी सातला सुरू होते आणि दुपारी एकच्या आत संपते. फवारणीवाल्याला पैसे मिळतात पंपामागे, म्हणजे पाठीवरची टाकी किती वेळा रिकामी केली त्यावर. सकाळी तो जेवढे पंप मारतो त्याच्या निम्मेही चार ते अंधार पडेपर्यंत होत नाहीत. वर संध्याकाळी वेलात साप-विंचवाची भीती. शेतमालक सांगतो "सांजेला ये", तो सांगतो "दुसरा बघ". दुसरा नसतोच. मग सकाळी आठला फवारा होतो, माश्या फुलावर असतात, आणि पुढे तीन आठवड्यांनी तो आक्रसलेल्या फळाचा फोटो माझ्या काउंटरवर येतो. या साखळीत कंपनीनं कुठेही खोटं सांगितलेलं नाही. माहितीपत्रक छापलेलं आहे, कायद्याचं काम झालेलं आहे.

आणि फवारणारा स्वतः? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता, आणि नोझल वर धरून मारलेलं औषध अंगावरच येत होतं. नंतर काही दिवस मास्क आणि हातमोजे वाटले गेले. आमच्याकडेही आले. भर सप्टेंबरच्या उकाड्यात ते घालून कोण फवारतो ते मला दाखवा. माशीबद्दल हळहळणाऱ्या शहरातल्या मित्रांना मी हे मुद्दाम ऐकवतो, कारण त्यांच्या पोस्टमध्ये पंप पाठीवर घेतलेला माणूस कधी दिसत नाही.

मग सल्ला देतो कोण, हा खरा प्रश्न. सरकारी कृषी सहायकाकडे कितीतरी गावं. पंचनामे, अनुदानाचे अर्ज, विमा, पोर्टलवरची भरती हे सगळं त्याच्याच डोक्यावर. तो बिचारा बांधावर येणार कधी? बांधावर येतो कंपनीचा माणूस. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, बीएस्सी अ‍ॅग्री झालेला, मोटारसायकल, टी-शर्टवर कंपनीचं नाव. तो प्लॉट बघतो, फोटो काढतो, ग्रुपवर शेड्यूल टाकतो: लागवडीनंतर दहाव्या दिवशी हे, अठराव्या दिवशी ते. कीड आली की नाही ते बघायची गरजच नाही, शेड्यूलमध्ये दिवस आला की फवारा. पोरगा वाईट नसतो. त्याला महिन्याचं टार्गेट असतं, वरच्याला त्याहून मोठं. आणि त्याच्यानंतर सल्ला देणारा मी. सकाळी दुकान उघडलं की पान हातात घेऊन माणूस उभा: "याच्यावर काय?" मी सांगतो आणि मीच विकतो.

आमच्याकडच्या त्याच आबांनी एकदा माझ्या तोंडावर सांगितलं, "जो औषध इकस तोच डाक्टर शे, मंग रोगी बरा कसा व्हई?" दुकानात आठ-दहा माणसं होती, सगळी हसली. मीही हसलो. ते चहा पिऊन गेले, जाताना औषध घेऊन गेले.

आमच्या धंद्यात स्कीम नावाची गोष्ट असते. हंगामाआधी अमुक पेट्या बुक केल्या की तमुक सूट, त्याच्या वर गेलात की चांदीचं नाणं, त्याच्या वर गेलात की परदेशाची टूर. थायलंड बघून आलेले दुकानदार आमच्या तालुक्यात डॉक्टरांपेक्षा जास्त असतील. दुसरी गोष्ट लिंकिंग. युरियाच्या टंचाईत गाडी हवी असेल तर सोबत न खपणारा माल घ्यावा लागतो, आणि दुकानदारानं तो घेतला की तो शेतकऱ्याच्याच गळ्यात जाणार. सरकार दर खरिपात लिंकिंग केलं तर कारवाई करू असं जाहीर करतं, आणि दर खरिपात ते होतं. लोक जेव्हा म्हणतात "कंपन्यांनी सगळं हातात घेतलंय", तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे कुठली तरी परदेशी इमारत असते. प्रत्यक्षात तो हात त्यांच्या गावात, माझ्या काउंटरपर्यंत पोचलेला आहे, आणि तो बिलबुकाच्या आकाराचा आहे.

सरकार काही करत नाही असंही नाही. करतं, आणि मग मागे येतं. मे २०२० मध्ये केंद्रानं २७ शेती-रसायनांवर बंदीचा मसुदा काढला. कारणांमध्ये काहींच्या नावापुढे मधमाश्यांना विषारी असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. कंपन्यांच्या संघटनांनी हरकती घेतल्या, समित्या बसल्या. २०२३ मध्ये शेवटी डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल एवढ्यांवर बंदी आली आणि मोनोक्रोटोफॉसचं एक प्रचलित रूप टप्प्यानं बंद करायचं ठरलं. बाकीच्यांतली बरीच नावं माझ्या फळीवर अजून आहेत. शेतकरी विचारतो, "तेव्हा विषारी होतं, आता चांगलं झालं का?"

खाण्याच्या बाबतीत हा अविश्वास बघायचा असेल तर हिवाळ्यात या. आमच्याकडे भरीत पार्टीशिवाय हिवाळा जात नाही. बामणोदच्या बाजूची हिरवी-पांढरी वांगी, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेली, वर कळण्याची पुरी नाहीतर भाकरी. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते आणि बाजाराला भोक पडलेलं वांगं चालत नाही, म्हणून त्यावर फवारा भरपूर होतो, कधी कधी तोडणीच्या आदल्या दिवशीसुद्धा. आणि असा शेतकरी मी पाहिला नाही ज्याच्या वांग्याच्या रानात एक कोपरा वेगळा नसतो. "घरनी सरी येगयी शे, तिले काहीच मारत नही." हे तो लाजून सांगत नाही, अभिमानानं सांगतो. जो पिकवतो त्याचाच त्या मालावर विश्वास नाही, मग गिऱ्हाइकानं कुणावर ठेवायचा?

याच अळीसाठी बीटी वांगं आलं होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं हिरवा कंदील दिला, मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला होती. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी ते बेमुदत थांबवलं. माझं मत विचाराल तर थांबवलं ते ठीकच झालं, कारण सुरक्षिततेच्या चाचण्या पुन्हा बियाणं विकणाऱ्याच्याच होत्या आणि लोकांना त्या पटल्या नाहीत. पण थांबवून सोळा वर्षं होत आली, त्या जागी फवारा कमी करायचं दुसरं काय दिलं? मादीच्या गंधानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे आहेत, शेंडे खुडून जाळणं आहे, हे सगळं विद्यापीठाच्या पुस्तिकेत आहे. त्याला स्कीम नाही, म्हणून ते गावात पोचत नाही. बीटी नको म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या लोकांनी त्या वर्षीही फवारलेलं वांगंच खाल्लं.

मधाची तऱ्हा तीच. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडचा मध तपासला, त्यातले १० ब्रँड भेसळीच्या चाचणीत नापास. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत बरेच पास होत होते, जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर ही रेणूंची रचना ओळखणारी चाचणी केल्यावर उघडे पडले. ऊस आणि मक्याची साखर ओळखणारी चाचणी तांदळाच्या पाकाला पकडत नाही, ही त्यातली मेख. कंपन्यांनी नाकारलं, जाहिराती तशाच चालू राहिल्या. त्यानंतर आमच्याकडे एक लाट आली: दुकानातला मध बंद, आता फक्त "सातपुड्याचा जंगली". चौकात बादलीत पोळ्याचा तुकडा आणि वर मध घेऊन बसणारे अचानक वाढले. गिऱ्हाईक काडी पेटवून बघतं, ग्लासभर पाण्यात थेंब टाकून बघतं, कुत्रा खातो का बघतं. असल्या घरगुती परीक्षांनी भेसळ कळत नाही, आणि बादलीवाल्याला हे गिऱ्हाइकापेक्षा चांगलं ठाऊक आहे. डोंगरातले पावरा आदिवासी भाऊ आग्या मोहोळाचा खरा मध आणतात तेव्हा त्यांना मात्र लोक "गूळ कालवला नाही ना?" असं विचारून भाव पाडतात.

म्हणजे अविश्वासाचाही बाजार झाला. दुकानात आता 'रेसिड्यू फ्री'ची किट येतात, शेड्यूलसकट. पूर्वीचं शेड्यूल देणाराच पोरगा तीही विकतो. त्यातलं काय खरंच अवशेषमुक्त हे तपासायचं म्हणाल तर युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी प्रयोगशाळा आहे, प्रत्येक प्लॉटची नोंद आहे. २०१० मध्ये आपली द्राक्षं तिकडे अवशेषांवरून अडकली तेव्हापासून तर फारच काटेकोर. चोपड्याच्या बाजारात येणाऱ्या वांग्या-गिलक्यासाठी यातलं काहीच नाही.

डिसेंबरात कंपनीचा पोरगा टरबुजाच्या हंगामाचं बुकिंग घ्यायला आला. सोबत पोस्टरची गुंडाळी होती: 'मधमाशी वाचवा, शेती वाचवा'. छान कागद, छान रंग. मी म्हटलं, भिंतीवर लावतो, पण एक काम कर. या वर्षी टूर नको, नाणं नको. त्या पैशांतून आमच्या गावातल्या टरबूजवाल्यांसाठी फवारणीच्या संध्याकाळच्या पाळीला पंपामागे वाढीव पैसे द्या, फुलोऱ्याच्या तीन आठवड्यांपुरते. मधमाश्यांचा पेटीवाला माझ्या ओळखीचा आहे, तो पेट्या आणून ठेवील, फवाऱ्याच्या आदल्या रात्री त्याला फोन गेला की पेट्यांची तोंडं बंद करील. तुमची बाटलीही खपेल, माशीही राहील.

तो हसला नाही, ही त्याची मोठीच गोष्ट. वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "शेठ, खर्चात पोस्टरचं हेड आहे, मीटिंगचं आहे, टूरचं आहे. मजुरीचं हेड नसतं हो. वर विचारतो." पेटीवाल्याचा नंबर मात्र घेऊन गेला. बुकिंगची शेवटची तारीख वीस, हे गाडीला किक मारता मारता सांगितलं.